प्रतिवादीसाहेब, आपल्या अर्जांबद्दल आभार

प्रति,
माननीय प्रतिवादीसाहेब,
मुक्काम : समन्सवर दर वेळी निराळा, म्हणून हे पत्र जाहीर

सा. न. वि. वि.

आपण खुशाल असालच. आपल्या बंगल्याच्या कंपाउंडची भिंत तर ठणठणीत आहे. मळवलीच्या आमच्या भातखाचरात ती जिथं उभी राहिली, तिथून तसूभरही हललेली नाही. तिच्या आत गेलेला आमचा वहिवाटीचा रस्ताही आपल्या ताब्यात सुखरूप आहे. आमचे काका वादी आणि आपण प्रतिवादी. या नात्याने आपण आमच्यासाठी जे जे केलंत त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते आज, एकेका अर्जाचे वेगवेगळे, मानतो.

पहिले आभार अधिकारक्षेत्राच्या हरकतीचे. काकांनी दाव्यासोबतच निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज दिला तेव्हा आपली भिंत जेमतेम जोत्यापर्यंत आली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत राज्याच्या १९७७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ९-अ तेव्हा अजून जिवंत होतं. मनाईच्या अर्जाच्या वेळी प्रतिवादीने ‘या न्यायालयाला हा दावा चालवायचा अधिकारच नाही’ अशी हरकत घेतली, की आधी तो प्राथमिक मुद्दा निकाली काढायचा, असं ते कलम. महाराष्ट्राखेरीज ते कुठेच नव्हतं. आपण त्याचा मान राखलात. गट मावळातला, रस्ता मावळातला, भिंत मावळातली. तरी मावळातल्या कोर्टाला अधिकार आहे का, हे तपासून घेणं आपल्याला अगत्याचं वाटलं. ते तपासून होईपर्यंत भिंतीला गिलावा झाला. २०१८ मध्ये विधिमंडळाने ते कलम वगळलं. आपलं काम तोवर उरकलं होतं.

दुसरे आभार कैफियतीचे, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ प्रमाणे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. न्यायालयाने कारण नोंदवून मुभा दिली, तर ९० दिवसांपर्यंत. आपल्यासारख्या कामाच्या माणसाला एवढे दिवस कसे पुरावेत! आधी वकीलपत्र, मग मुदतीचा अर्ज, मग ‘कागदपत्रे उपलब्ध न झाल्याने’ आणखी एक मुदतीचा अर्ज. दावा विना कैफियत चालवण्याचा आदेश झाला तेव्हा कुठे आपण धावत आलात, आणि तो आदेश रद्द व्हावा म्हणून जो अर्ज दिलात तो पुढे आलेल्या कैफियतीपेक्षा लांब होता. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या निकालात म्हटलं आहे, की ही ९० दिवसांची मर्यादा अगदी अपवादात्मक प्रसंगी शिथिल करता येते. तो अपवाद म्हणजे आपणच, हे आमच्या तेव्हाच ध्यानात आलं.

हाच वाद दोन कंपन्यांमधला व्यापारी दावा असता, तर १२० दिवसांनंतर आपला कैफियत द्यायचा हक्कच संपला असता. तिथं वर एक दिवसही मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. व्यापाऱ्याचा वेळ कायद्याने असा जपला आहे. खाचरात राबणाऱ्याचा वेळ मात्र आपल्या दिमतीला ठेवला आहे, आणि आपण त्याचा पुरेपूर लाभ घेतलात.

तिसरे आभार मोजणीचे. भिंत कुठवर सरकली हे मोजल्याशिवाय कळणार नाही, असं काका पहिल्या दिवसापासून सांगत होते. ‘मोजणीची आवश्यकता नाही’ असं आपण कैफियतीत ठासून लिहिलंत. मुद्दे निघाले, साक्षीपुराव्याची तारीख लागली, आणि आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून मोजणी व्हावी, असा अर्ज आला. कुणाचा? आपला! आपलं हे मतपरिवर्तन पाहून काकांना गहिवरून आलं. मोजणी नेमकी भरपावसात निघाली, खाचरात गुडघाभर पाणी होतं, हद्दीच्या खुणा दिसेनात. पुन्हा मोजणी व्हावी म्हणून पुढचा अर्जही आपणच दिलात. दुसऱ्याला कष्ट पडू नयेत ही आपली वृत्ती.

आता त्या सकाळचे आभार. त्या दिवशी काकांचा सरतपास, म्हणजे स्वतःच्या बाजूची मुख्य साक्ष, दाखल व्हायचा होता. हल्ली सरतपास तोंडी होत नाही, प्रतिज्ञापत्रावर द्यायचा असतो. ते टाइप होऊन तयार होतं, फक्त शपथ घेऊन सही करायची बाकी होती. काकांनी धुवट सदरा घातला, टोपी चढवली आणि मळवलीहून सकाळची लोकल धरली. पिशवीत सातबारा, फेरफार, गटाचा नकाशा आणि आजोबांच्या वेळच्या शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या. पावत्यांना वाळवी लागू नये म्हणून त्या दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या. बोर्डावर आमचा दावा वरचाच होता.

पुकारा झाला. काका उठून उभे राहिले. आपल्याकडून एक तरुण वकील पुढे आले आणि त्यांनी दोन पानांचा अर्ज दिला : आदेश ६, नियम १७ अन्वये कैफियत दुरुस्त करून मिळावी. आम्हाला प्रत मिळाली. शेवटच्या पानावर टाइप केलेली तारीख मागच्या महिन्याची होती. ती पेनाने खोडून वर त्या दिवसाची घातली होती. वादीचा ‘से’ (लेखी म्हणणं) मागवण्यात आला आणि पुढची तारीख पडली. काकांनी पिशवीची गाठ सोडलीच नव्हती, त्यामुळे ती पुन्हा बांधायचे त्यांचे कष्ट वाचले. याचेही आभार आपल्याच खाती.

ती खोडलेली तारीख म्हणजे आपल्या अभ्यासाची पावतीच होती. वाचकांना यातली खुबी ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. दुरुस्त्यांचा सुळसुळाट इतका झाला होता, की संसदेने १९९९ च्या कायद्यात हा नियम १७ मुळातूनच काढायचं ठरवलं. वकीलवर्गातून विरोध झाला, तेव्हा २००२ मध्ये तो एका अटीसह ठेवला : दाव्याची प्रत्यक्ष सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणार नाही; योग्य दक्षता घेऊनही ती बाब आधी मांडता येत नव्हती, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच मिळेल. आणि सुनावणी सुरू झाली कधी म्हणायची? तर सरतपासाचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं की, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालात सांगितलं. म्हणजे काकांची सही होण्याआधी अर्ज आला तर मोकळं रान, सही झाल्यावर आला तर दक्षतेची परीक्षा. आपण सही होण्याच्या काही मिनिटं आधी पोहोचलात. कैफियतीला महिनोन्‌महिने न सापडणारे आपण, त्या दिवशी घड्याळ लावून आलात.

अर्जातलं मराठी मात्र वाचावं असं आहे. ‘सदरची बाब कैफियतीत नमूद करण्याचे अनवधानाने राहून गेले.’ सदरची बाब म्हणजे रस्त्याची जागा मूळ मालकाने आपल्यालाच दिल्याचं सांगणारा एक जुना दस्त. साहेब, त्या दस्ताचा उल्लेख आपल्या खरेदीखतात आहे, आणि त्या खरेदीखतावर पानोपानी आपली सही आहे. जो कागद हातात धरून जमीन घेतली, तोच कागद जमिनीचा दावा चालू असताना कितीतरी वर्षं आठवू नये, हे अनवधान सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही.

त्याच अर्जात पुढे आपण आम्हाला धीर दिला आहे : ‘दुरुस्ती मंजूर झाल्यास वादीचे कोणतेही नुकसान होणार नाही.’ केवढा मोठा आधार! दावा लावला तेव्हा काका भाताचे भारे डोक्यावर घेऊन बांधावरून चालत होते. आता काठी टेकत चालतात. रस्त्याची वहिवाट डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार होते. त्यातले एक गेले, दुसऱ्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. वहिवाटीचा हक्क सिद्ध करायला २० वर्षांचा अखंड वापर दाखवावा लागतो, आणि तो वापर कागदावर नसतो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतो. आपल्या एकेका अर्जाने त्या आठवणीतलं काहीतरी गेलं. भिंत आपली, ताबा आपला, म्हणून पुढे पडणारी प्रत्येक तारीख आपल्या बाजूची. तरीही नुकसान नाही असं आपण शपथेवर सांगता, तेव्हा आमच्याच हिशेबात चूक असली पाहिजे.

आणि भरपाई काय आपण दिली नाहीत? मागच्या अर्जाच्या वेळी पाचशे रुपये कॉस्ट बसली, ती आपल्या वकिलांनी तिथल्या तिथे खिशातून काढून दिली. तेवढ्यात काकांचा आणि माझा त्या दिवसाचा प्रवास, चहा, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी निघते का, असले क्षुद्र प्रश्न आम्ही विचारणार नाही. खोट्या व त्रासदायक दाव्या-बचावासाठी कलम ३५-अ मध्ये भरपाईची सोय आहे, तिची कमाल मर्यादाच ३,००० रुपये. मळवलीत आपण एका गुंठ्याला काय मोजलंत हे आपल्याला ठाऊक आहे. एवढ्या किमतीत वर्षं विकत मिळत असतील, तर कुणीही घेईल.

आता एका जुन्या प्रसंगाचे आभार मानायलाच हवेत. आमची आत्या या दाव्यात काकांसोबत वादी होती. निकालाची वाट पाहता पाहता ती गेली. वादी वारला, की त्याचे वारस ९० दिवसांत दाव्यात दाखल करावे लागतात. तिचा मुलगा गुजरातेत गिरणीत कामाला. मृत्यूचा दाखला, वारसांच्या सह्या, सगळं जमवेपर्यंत मुदतीवर थोडे दिवस झाले. आम्ही मुदतमाफीचा अर्ज दिला. त्याला आपण जो ‘से’ दिलात, तो मी जपून ठेवला आहे. ‘वादी हे मुदतीबाबत अत्यंत बेफिकीर असून, कायदा झोपलेल्यास साहाय्य करीत नाही.’ हे आपण लिहिलंत. आपण!

साहेब, इथवर आभार झाले. आता एक गोष्ट सरळ सांगतो.

उशिरा आलेला प्रत्येक अर्ज लबाडीचा नसतो. अंगठा उठवणाऱ्या बाईला आपल्या दाव्यात काय लिहिलंय हे पुष्कळदा साक्षीच्या दिवशी कळतं. कुणाला आजोबांच्या ट्रंकेत उशिरा कागद सापडतो. कुणाचा वकील बहिणीचं नाव घालायचं विसरतो. अशा माणसाला ‘उशीर झाला, आता जा’ असं न्यायालय म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मुंबईतल्या १९८६ सालच्या एका दाव्यात वादीने २०१७ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी, नुकसानभरपाईची रक्कम वाढवून मागितली. उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एलआयसी विरुद्ध संजीव बिल्डर्स या निकालात ती कायम ठेवली. केवळ उशीर झाला एवढ्याच कारणाने दुरुस्ती नाकारता येत नाही, हे त्यातलं सूत्र. हे दार खऱ्या अडचणीतल्या माणसासाठी उघडं ठेवलं आहे. आमच्या आत्याचा मुलगा त्याच दारातून आत आला.

आपण त्याच दारात पाय अडकवून उभे आहात. आपल्यासारख्यांचे अर्ज पाहून पाहून न्यायालयं उद्या प्रत्येक उशिराकडे संशयाने पाहू लागतील, आणि तेव्हा बाहेर राहील ती ट्रंकेत कागद सापडलेली बाई. आपल्याला काही होणार नाही. आपल्याला दुसरं दार माहीत असतं. आमचा खरा राग या गोष्टीचा आहे.

परदेशातही हा प्रश्न आला. २००३ च्या वणव्यात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीची वेधशाळा जळाली, विम्याचा दावा लागला. चार आठवडे चालायच्या सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी विद्यापीठाने विमा कंपन्यांशी तडजोड केली आणि विमा दलालाविरुद्धचा आपला दावाच नव्याने मांडायची परवानगी मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती नाकारली. खर्च दिला म्हणजे समोरच्याचं सगळं नुकसान भरून निघतं असं नाही; त्याची वर्षं, त्याचा मनस्ताप आणि रांगेतल्या इतरांचा वेळ हेही मोजावं लागतं, असं तिथं ठरलं. आपल्या देशात एक कोटीहून अधिक दिवाणी प्रकरणं खालच्या न्यायालयांत रांगेत आहेत. आपण काकांची तारीख खाल्लीत, तशी त्या रांगेतल्या आणखी कुणाचीतरी खाल्लीत.

आपण एकटे नाही, हे मान्य. आपल्या वाटेने राज्यंसुद्धा जातात. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा क्रमांक ४ दाखल केला. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, साक्षीपुरावा नोंदवायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली, आणि पुरावा सुरू होण्याच्या तोंडावर कर्नाटकाने हा दावा चालवायच्या अधिकारावरच बोट ठेवणारा अर्ज दिला. बेळगावातली एक पिढी त्या पुराव्याची वाट पाहत म्हातारी झाली. आणि आपल्या पुण्याचं नाव तर गिनिज बुकात गेलेलं आहे : मालोजी थोरात यांनी १२०५ मध्ये मांडलेल्या मानपानाच्या वादाचा निकाल १९६६ मध्ये त्यांचे वंशज बाळासाहेब पाटलोजी थोरात यांच्या बाजूने लागला, ७६१ वर्षांनी. आपला डोळा त्या विक्रमावर असेल, तर आमच्या काकांना त्यात भागीदार करू नका.

आमच्या मागण्या नव्या नाहीत, सगळ्या कायद्यात आहेत. कोणताही पक्षकार सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी मागू शकत नाही, असं आदेश १७ सांगतो. उशीर करणाऱ्याने कलम ३५-ब खालचा खर्च भरल्याशिवाय त्याचा दावा किंवा बचाव पुढे सरकू नये, अशी तरतूद १९७६ च्या दुरुस्तीपासून आहे. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अधिकार राहिलेल्या त्रुटी भरून काढण्यासाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वादिराज वेर्णेकर विरुद्ध शरदचंद्र गोगटे या आपल्याच मुंबईहून गेलेल्या प्रकरणात २००९ मध्ये सांगितलं. मुद्दे निघाले की वकिलांना विचारून तारखा ठरवाव्यात आणि शक्य तेवढी सुनावणी रोजच्या रोज चालवावी, असं २०२३ मध्ये यशपाल जैन प्रकरणात सांगितलं; ते प्रकरणही १९८२ पासून चाललेलं होतं.

त्यात आमची एवढीच भर : ऐनवेळी अर्ज देणाऱ्याने ही बाब मला अमुक दिवशी कळली आणि त्याआधी अमुक कारणाने कळू शकत नव्हती, हे शपथेवर लिहावं. ते नसेल तर अर्ज त्याच दिवशी निकाली निघावा. ज्या साक्षीचा त्या दुरुस्तीशी संबंध नाही, ती साक्ष त्या दिवशी व्हावीच. आणि कॉस्ट ठरवताना समोरच्या माणसाचा गेलेला दिवस धरावा. आपल्याला काय रक्कम जड जाणार नाही, हे पाहून ती ठरू नये.

पुढच्या तारखेला आपल्या दुरुस्ती अर्जावर युक्तिवाद आहे. हात जोडून विनंती, तो अर्ज मागे घ्या. एका ओळीची पुरसीस पुरेल. काकांची सही होऊ द्या आणि त्यांचा उलटतपास घ्या, हवा तेवढा कडक घ्या. ते खोटं बोलणार नाहीत. तो जुना दस्त खरा असेल, तर त्यावर आजच काय ते भांडू. निकाल आपल्या बाजूने लागला, तर आम्ही आमचे भारे लांबच्या बांधावरून नेऊ आणि आपल्या भिंतीबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही. आमच्या बाजूने लागला, तर भिंत काढा. दोन्हीपैकी काय ते काकांच्या हयातीत ठरलं पाहिजे. त्यांचा दावा आहे, उत्तर त्यांनाच मिळालं पाहिजे; त्यांच्या वारसांना नव्हे.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, तारखेला हजर राहावे ही विनंती.

आपला विनम्र,
वादींचा पुतण्या
मळवली, ता. मावळ, जि. पुणे